पांढरी दोन पिवळी?

गाण्याच्या क्लासला जात असाल, तर ‘पांढरी दोन’, ‘काळी चार’ हे शब्द तुमच्या ओळखीचे असतील. पेटीच्या ज्या पट्टीला ‘सा’ धरायचा, तिचं हे नाव. आमच्या क्लासमध्ये यावरून भलतीच थट्टा चाले. पांढरी एक म्हणजे दहीभात, काळी एक म्हणजे कारळ्याची चटणी आणि काळी चार म्हणजे करपलेली भाकरी! बाई पेटी उघडेपर्यंत अख्खं ताट वाढून व्हायचं.

या थट्टेत एक मुलगी मात्र नसायची. ती म्हणायची, “पांढरी दोन मला पिवळी दिसते. खरंच दिसते!” झालं, मुलांनी तिचं नावच ‘रंगपेटी’ ठेवलं. मग तिनं तो विषय कायमचा बंद केला.

तिच्या बाजूनं केवढी मोठी माणसं उभी होती, हे तेव्हा क्लासमध्ये कुणाला ठाऊक? रिम्स्की-कोर्साकॉव्ह आणि स्क्रिआबिन हे रशियाचे दोन नामवंत संगीतकार. पाश्चात्त्य संगीतातल्या ‘डी मेजर’चा सा म्हणजे आपली पांढरी दोन. ती या दोघांनाही पिवळी वाटे! पांढऱ्या एकवर मात्र जमेना. एकाला ती पांढरी, तर दुसऱ्याला चक्क लाल. १९०७ साली पॅरिसच्या एका कॅफेत दोघांच्या अशाच गप्पा रंगल्या होत्या. शेजारी बसलेल्या रखमानिनॉव्हला हे काही पटेना. तेव्हा त्याला त्याच्याच ऑपेराची आठवण करून देण्यात आली. त्यात म्हातारा कंजूष सोन्यानं भरलेल्या संदुका उघडतो, त्या वेळचं संगीत कुठल्या पट्टीत? डी मेजर! आता बोला!

अशा अनुभवाला ‘सिनेस्थेशिया’ म्हणतात. तो आजार नव्हे. एका संवेदनेबरोबर दुसरी आपोआप जागी होते, एवढंच.

आणि खाण्याचं म्हणाल, तर तेही आहे. २००५ साली स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी एका वादक बाईंची परीक्षा घेतली. दोन सूर ऐकले, की त्यांच्या जिभेवर चव येई. आपल्या भाषेत सांगायचं, तर सा आणि शुद्ध ग गोड, सा आणि कोमल ग खारट, सा आणि कोमल रे आंबट. शास्त्रज्ञांनी जिभेवर खरोखरच चवीचे थेंब ठेवून सूर ओळखायला सांगितले. चव जुळली की उत्तर झटकन येई, नाही जुळली की वेळ लागे. म्हणजे ढोंग नव्हतंच!

सा आणि तीव्र म मात्र त्यांना किळसवाणं लागे. बिचाऱ्या बाई आपला यमन कसा ऐकणार?