आजीची वांगी आणि माझा मोगरा

मे महिन्याची सुटी लागली की आमच्या वर्गातली निम्मी मुले मामाच्या गावाला जातात. मी मात्र या वर्षी गेले नाही. वार्षिक परीक्षा संपली त्याच आठवड्यात आमच्या आजीच्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी सांगितले, महिनाभर वाकायचे नाही, धुळीत जायचे नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचे नाही. आता परसबागेचे काम म्हणजे वाकणे, धूळ आणि पाणी हेच तर असते! आजी काळा चष्मा लावून पडवीत बसली आणि म्हणाली, "पोरी, ह्या उन्हाळ्यात बाग तुझी. मी नुसती बसून सांगते."

मला फार आनंद झाला. बाग माझी म्हणजे मालकी माझी, असे मला वाटले. ती मालकी कसली असते ते पुढे कळले.

आमचे गाव माणदेशात आहे. उन्हाळ्यात नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही. म्हणून आमच्या बागेला चांगले पाणी कधी मिळतच नाही. राखेने भांडी घासायची, ते पाणी बादलीत धरायचे. आंघोळीचे, तांदूळ धुतल्याचे, भाजी धुतल्याचे, सगळे पाणी धरायचे. दिवसाकाठी पाच बादल्या होतात. त्या पाच बादल्यांची वाटणी आजीने मला पाठ करून घेतली होती. दोन बादल्या भेंडी आणि गवारीच्या वाफ्याला, एक दोडक्याच्या वेलाला, एक वांग्याच्या झाडांना आणि उरलेली एक तुळस, जास्वंद आणि मोगरा यांच्यात. साबणाचे पाणी भाजीला घालायचे नाही, ते मोरीवरच्या केळीला सोडायचे.

माझा दिवस असा असे. पहाटे उठून उन्हाच्या आत पाणी घालायचे, कारण दुपारी घातलेले पाणी झाडापेक्षा उन्हालाच जास्त मिळते. मग आळी नीट करायची आणि त्यात वाळका पालापाचोळा पसरायचा. त्याने ओल टिकते. मला आधी हे खरे वाटत नव्हते. एके दिवशी मी दुपारी दोन्हीकडे बोट घालून बघितले. उघड्या आळ्यातली माती चटका देत होती, पाचोळ्याखालची माती अजून गार होती. दोडक्याच्या वेलाशेजारी आजीने एक जुने मडके गळ्यापर्यंत पुरले आहे. ते भरून वर झाकण ठेवले की पाणी हळूहळू झिरपते आणि थेट मुळाला मिळते.

एक दिवसाआड भेंडी तोडायची. दोन दिवस विसरले तर भेंडी निबर होते आणि मग ती विळीवरही कापत नाही. गवारीवर मावा पडला तेव्हा मागच्या वर्षीच्या वाळलेल्या निंबोळ्या फोडून, आतला गर कुटून रात्रभर भिजत घातला. लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम. सकाळी फडक्याने गाळून शिंपडला. हाताला इतका कडू वास येत होता की भाकरीसुद्धा कडू लागली! संध्याकाळी कोंबड्या हाकलणे, तुराट्यांचे कुंपण नीट करणे आणि मोगऱ्याच्या टपोऱ्या कळ्या खुडणे. कळ्या उमलायच्या आधी खुडल्या तरच रात्री ओंजळीत उमलतात.

आता वांग्याची गोष्ट. आमच्या परसात हिरव्या अंगावर पांढरे पट्टे असलेली काटेरी वांगी आहेत. त्यांचे बी आजीने लग्न होऊन आली तेव्हा माहेराहून पदराच्या गाठीला बांधून आणले होते. तेव्हापासून दरवर्षी ती बी धरते. पण मागच्या पावसाळ्यात घर गळाले, बियांच्या मडक्यात पाणी गेले आणि बियांना बुरशी आली. त्यातून वाचलेले चिमूटभर बी पेरले, त्यातली तीनच झाडे जगली. या तीन झाडांवर आजीने एकेक फळ बियाण्यासाठी राखले होते आणि त्यांच्या देठाला लाल दोरा बांधला होता. "लाल दोऱ्याला हात लावायचा न्हाय," एवढेच ती रोज सांगे.

मी हात लावला नाही. पण मी त्याहून वाईट केले.

मे महिन्याच्या २० तारखेला आमच्या आत्याच्या मुलीचे, ताईचे लग्न होते. मी सगळ्या बहिणींना सांगून बसले होते, की लग्नात सगळ्यांना आमच्या मोगऱ्याचे गजरे. बोलून गेले खरी, पण मोगऱ्याला कळ्या कमी येऊ लागल्या. मोगऱ्याला ऐन उन्हाळ्यात फूल येते आणि तेव्हाच त्याला पाणी जास्त लागते. पाणी कुठून आणायचे? मी वांग्याची बादली मोगऱ्याला घालू लागले. एक दिवस, मग दोन दिवस, मग रोजच. मनाला सांगितले, वांग्याला काय, काटेरी झाड, सोसेल. आजी पडवीतून विचारी, "वांग्याला पानी झालं का गं?" आणि मी म्हणे, "झालं आजी." तिला एवढ्या लांबचे दिसत नव्हते. हे मला माहीत होते, म्हणूनच मी खोटे बोलले.

मोगरा फुलला. लग्नाच्या दिवशी टोपलीभर कळ्या निघाल्या. ताईच्या केसांत, आत्याच्या अंबाड्यात, सगळीकडे आमचाच मोगरा. सगळ्यांनी माझे कौतुक केले. ते ऐकताना मला गोड वाटले नाही असे लिहिले तर ते आणखी एक खोटे होईल.

लग्नाहून परत आलो त्या संध्याकाळी आजी काठी टेकत परसात आली. चष्म्यामुळे तिला नीट दिसत नव्हते. ती वांग्यापाशी उभी राहिली आणि हात पुढे करून तिने एक पान दोन बोटांत धरले. मग दुसरे धरले. मग लाल दोरा चाचपत गेली. पहिल्या झाडावर नुसता दोरा हाताला लागला. दुसऱ्याचे फळ सुरकुतून मऊ पडले होते. ते तिच्या हातातच गळाले.

आजी रागावली असती तर बरे झाले असते. ती एवढेच म्हणाली, "पोरी, पान खोटं बोलत न्हाय गं."

मी रडत रडत सगळे सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली. आई म्हणाली, "जाऊ द्या आत्याबाई, बाजारातून पुडी आणू." तेव्हा आजी म्हणाली, "पुडीतलं वांगं येईल, माझ्या आईचं कुठनं येईल?"

तिसरे झाड मोरीच्या कडेला होते. तिथली ओल धरून ते तग धरून होते आणि त्यावरचे फळ पिवळे पडत आले होते. त्या दिवसापासून त्या झाडाला मी माझ्या प्यायच्या पाण्यातला एक तांब्या रोज घातला. कुणी सांगितले नव्हते. जुने लुगडे बांधून सावली केली. मे सरता सरता फळ पूर्ण पिकले.

आजीने सांगितले तसे मी केले. फळ चिरून गर पाण्यात कुस्करला. चांगले बी जड असते, ते तळाला जाते. पोचट असते ते वर तरंगते. मी श्वास धरून बघत होते. बरेचसे बी वर आले. तळाला राहिले ते जेमतेम चिमूटभर. ते फडक्यावर सावलीत वाळवले आणि निम्मे राखेत घालून बाटलीत ठेवले. निम्मे मृग लागल्यावर वाफ्यात टाकले. नवव्या दिवशी पहिला कोंब दिसला. मी धावत जाऊन आजीला हाताला धरून आणले. मोजून २७ रोपे झाली.

शाळा सुरू झाल्यावर बाईंनी आम्हाला अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांची माहिती सांगितली. त्या कधी शाळेत गेल्या नाहीत, पण त्यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बाईंनी असेही सांगितले, की संकरित वाणाचे बी धरून पुन्हा पेरले तर तसेच फळ येईल याची खात्री नसते, पण गावरान वाणाचे बी घरी धरता येते. मी घरी येऊन आजीला हे सगळे सांगितले. आजी म्हणाली, "त्या बाईनं बी एका घरात ठिवलं न्हाय, गावभर वाटलं आसंल. एका घरात ठिवलं की आपल्यासारखं होतंय."

तिचे म्हणणे मला पटले. आमच्या घरी मडक्यात पाणी गेले आणि नंतर मी चुकले, तरी दुसऱ्या कुणाच्या परसात वांगी असती तर काळजी नव्हती. म्हणून २७ पैकी १२ रोपे आम्ही आमच्या परसात लावली आणि उरलेली १५ मी वर्गातल्या पाच मैत्रिणींना तीन-तीन वाटून दिली. अट एकच घातली आहे. प्रत्येकीने एका फळाला लाल दोरा बांधायचा आणि त्या झाडाचे पाणी दुसऱ्या कुणाला द्यायचे नाही.

आजीचा चष्मा आता सुटला आहे. तिला लांबचे स्वच्छ दिसते. तरी ती रोज सकाळी पडवीतून विचारते, "वांग्याला पानी झालं का गं?" मी "झालं" म्हणते आणि ती उठून बघायला येत नाही. मला त्याचेच जास्त वाटते.

– इयत्ता ७ वी