मऊ रबर

परवा रात्री वाड्याच्या बोळात शिरले आणि नव्या रबराचा वास आला. पुतण्याची मोटारसायकल नेहमीच्या जागी लावलेली होती, तिला नवे टायर घातले होते. शर्यतीच्या घराण्यातले. पाठ गोलाकार, खाचा मोजक्या, कडा जवळजवळ कोऱ्या, आणि साच्यातून निघताना राहिलेले रबराचे केस अजून तसेच. दुकानात हा वास आला तर मी लक्षही देत नाही. पण इंदूरच्या छत्रीबागेतल्या आमच्या बोळात, ओलसर भिंतीपाशी, कुणाच्या तरी देवघरातल्या उदबत्तीत मिसळून तो आला की मला दादाच दिसतो. मागच्या चाकापाशी उकिडवा बसलाय आणि अंगठ्याचं नख टायरमध्ये रोवतोय. नख काढलं की रबरावर अर्धगोल खूण उरायची आणि बघता बघता भरून यायची. "बघ, जिवंत आहे," तो म्हणायचा.

त्याआधीची गोष्ट बाबांच्या स्कूटरची. बाबांच्या लेखी टायरचा गुण एकच, किती चालला. पुढचा मागे, मागचा स्टेपनीला, स्टेपनी पुढे, असा फेरा ते वर्षानुवर्षं फिरवत. कडेला तडे गेले तरी "अजून नक्षी आहे की" म्हणत. आमच्या घरात चपलेपासून कुकरपर्यंत सगळ्याला हेच माप होतं. मग एका जूनमध्ये, पहिल्या सरीनंतर, होळकरांच्या समाध्यांच्या छत्र्यांकडे वळताना स्कूटर घसरली आणि बाबांचं कोपर मोडलं. भेटायला आलेल्या प्रत्येकाने दोष दिला तो पावसाला, महापालिकेला, आडव्या आलेल्या म्हशीला. टायरचं नाव कुणी घेतलं नाही. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. रबर जुनं झालं की त्यातली तेलं उडतात, हवेतला ऑक्सिजन त्याला आतून कडक करत नेतो आणि ओझोन वरून तडे पाडतो. नक्षी शाबूत दिसते, पकड मात्र कधीच निघून गेलेली असते. माणसाचं कोपर मोडलं आणि टायर टिकला, आणि आमच्याकडे टायरचं कौतुक पुढेही चालूच राहिलं.

दादाने मात्र नाव घेतलं. मोठ्याने नाही; त्या दिवसापासून तो दिसेल त्या टायरला नख लावून बघायला लागला एवढंच.

पुढे त्याला पिथमपूरच्या कारखान्यात नोकरी लागली, त्याने जुनी आरएक्स 100 मोटारसायकल घेतली, आणि एका मित्राच्या ओळखीने मद्रासच्या शर्यतीतून उतरवलेला एक मागचा टायर मिळवला. तेव्हा शोलावरमच्या धावपट्टीवरच्या शर्यती मागे पडून श्रीपेरुंबुदूरजवळचा नवा ट्रॅक सुरू झालेला होता. ही नावं दादा अशा काही आदराने घ्यायचा की आई त्यांना तीर्थक्षेत्रंच समजायची. तो टायर घरी आला तेव्हा मी त्याच्याजवळ बसून होते. पृष्ठभागावर रबराच्या बारीक सुरकुत्या, ट्रॅकवर तापून वितळल्यासारख्या झालेल्या, आणि त्यांत चिकटलेली परक्या गावची वाळू.

टायरची पकड म्हणजे काय, हे मला दादानेच सांगितलं. रबर रस्त्याच्या खळग्यांत शिरतं आणि तिथून लगेच मागे येत नाही, रेंगाळतं. त्या रेंगाळण्यात जी शक्ती खर्च होते तिची उष्णता होते, आणि त्या खर्चातूनच पकड मिळते. न रेंगाळणारं रबर इंधन वाचवतं, जास्त चालतं आणि निसटतंही लवकर. शर्यतीचं रबर मुद्दाम उधळं बनवलेलं असतं. ते स्वतःला झिजवून धरून ठेवतं, आणि तेही तापलेलं असेल तरच. म्हणून शर्यतीआधी टायरला विजेवर गरम होणारी दुलई गुंडाळतात आणि 80 अंशांच्या आसपास तापवून मगच सोडतात. जानेवारीत सकाळी सहाला माळव्याच्या गारठ्यात पिथमपूरला निघालेल्या माणसाला ती दुलई कोण गुंडाळणार? टायर थंडच निघायचा आणि थंडच पोचायचा. सरळ रस्त्यावर सरळ जायचं, त्यामुळे फक्त मधला पट्टा घासला जायचा. दिवाळीपर्यंत मध्यभाग सपाट झाला आणि दोन्ही कडा तशाच मऊ, कोऱ्या राहिल्या. ज्या वळणांसाठी त्या बनवल्या होत्या ती वळणं कामावर जायच्या वाटेवर नव्हतीच.

चिकट रबर खडे उचलतं, खिळे उचलतं. मल्हारगंजच्या पंक्चरवाल्या चाचांकडे दादा इतक्यांदा जायला लागला की एकदा ते चाकावर हात फिरवत म्हणाले, "बेटा, ये रबर सड़क के लिए बना ही नहीं." दादाने ऐकून घेतलं आणि पंक्चर काढून घेतलं.

इथे इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) आठवतात. त्यांच्या माणिकबाग राजवाड्याबद्दल खूप लिहिलं जातं, मला आठवते ती त्यांची ड्यूझनबर्ग. अमेरिकन शर्यतींत नाव काढलेली ही कंपनी. 1921 ची फ्रेंच ग्रां प्री तिच्या गाडीने जिंकली, 1924, 1925 आणि 1927 ची इंडियानापोलिसची शर्यतही. त्या घराण्यातली सुपरचार्जरची गाडी महाराजांनी घेतली, तिचं अंग लंडनच्या गर्नी नटिंगकडून घडवून घेतलं आणि रंग दिला नारिंगी आणि काळा. शर्यतीसाठी जन्मलेली वस्तू घरच्या दारात उभी करण्याची हौस इंदूरला नवी नाही. महाराजांच्या हौसेला आपण अभिरुची म्हणतो, आणि कारखान्यातल्या मुलाने तेच केलं की उधळपट्टी. हा भेद मला मान्य नाही.

तरी विचारलं तर मी सांगेन की रोजच्या रस्त्याला निखळ ट्रॅकचा टायर घालू नका. खाचा पाणी बाहेर काढायला असतात; त्या कमी केल्या की कोरड्यात रबर जास्त टेकतं आणि पावसात चाक पाण्यावर तरंगतं. आमच्या रस्त्यावर नुसतं पाणीही नसतं. डिझेलचे थेंब असतात, पहाटे धुतलेल्या दुकानांचा फेस असतो, आषाढात व्यंकटेशाच्या रथापुढच्या रांगोळ्या असतात. गाड्या तपासायला आता पिथमपूरलाच सुमारे हजार एकरांवर नॅट्रॅक्स हे चाचणी केंद्र उभं आहे. तिथल्या 11.3 किलोमीटरच्या अतिवेगाच्या ट्रॅकचं उद्घाटन 29 जून 2021 रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांनी केलं. ब्रेकची परीक्षा घ्यायला तिथे वेगवेगळ्या निसरडेपणाच्या पट्ट्या आहेत. दादाच्या काळात यातलं काही नव्हतं. त्याची चाचणी त्याच्या नखावर होती.

पुतण्याच्या टायरमध्ये आता दोन रबरं आहेत, मध्ये कडक, कडेला मऊ. ज्या सपाट पट्ट्याने दादाला हैराण केलं त्यावरचा हा तोडगा. पुतण्या हे मला समजावत होता तेवढ्यात दादा जिना उतरून आला. गुडघे दुखतात म्हणून तो हल्ली फारसा खाली येत नाही. काही न बोलता वाकला, एका हाताने भिंत धरली आणि कडेच्या रबरात नख रोवलं. मग मध्ये. मग पुन्हा कडेला. "चांगलंय," म्हणाला, "पण हवा सकाळी थंड असताना बघत जा, पंपावर पोचल्यावर नाही."

मी मात्र त्या रात्री दुसऱ्याच विचारात पडले. दादाच्या टायरचा मधला पट्टा गेला कुठे? बाबांच्या टायरचंही, उशिरा का होईना, काही मिलीमीटर रबर गेलंच. महापालिकेची यंत्रं रात्री रस्ते झाडतात, त्यात काही उचललं जात असेल. उरलेलं पहिल्या पावसाबरोबर खान नदीत जाणार, जी आमच्या छत्र्यांशेजारून वाहते आणि उज्जैनजवळ त्रिवेणीला क्षिप्रेला मिळते. अमेरिकेत सिएटलच्या बाजूला पाऊस पडला की ओढ्यांतले कोहो सॅमन मासे मरायचे. त्याचं कारण 2020 मध्ये सापडलं. टायरला ओझोनने तडे जाऊ नयेत म्हणून त्यात 6पीपीडी नावाचं रसायन घालतात. ते स्वतः ओझोनशी संयोग पावतं, त्यातून जे तयार होतं ते रबराच्या धुळीतून पाण्यात उतरतं आणि त्या माशांचा जीव घेतं. म्हणजे बाबांना जो गुण एवढा प्रिय होता तो टिकवणारं औषधच हे. माझा राग टिकाऊपणावर होता, पण तो असा कुठे जाऊन पोचेल असं मला वाटलं नव्हतं. आणि मऊ टायर निर्दोष ठरतो असंही नाही. तो तर जास्तच झडतो.

खानमध्ये सॅमन नाहीत. पण उज्जैनचा 2028 चा सिंहस्थ येतोय, खानचं पाणी क्षिप्रेत मिसळू नये म्हणून ते बंद कालव्यातून वळवायची कामं चालली आहेत, आणि या पाण्यात सांडपाणी किती, कारखान्यांचं काय, यावर सगळे बोलतात. चाकांचं कुणी बोलत नाही, जसं बाबांच्या कोपराच्या वेळी बोललं नव्हतं. युरोपने 2024 मध्ये मंजूर केलेल्या युरो 7 नियमांत टायर किती झडतो यालाही मर्यादा घातली आहे. टायर किती धरतो आणि किती चालतो हे दुकानदार आपल्याला सांगतो. किती झडतो हेही त्याला सांगता आलं पाहिजे, आणि ते मोजायला पिथमपूरसारखी दुसरी जागा नाही. पुतण्या अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रकल्पाचा विषय शोधतोय. मी त्याला म्हटलं, जुने टायर फेकू नकोस, दोन्हींचं वजन करून ठेव, आणि नव्यांचंही वजन आजच लिहून घे.