डफडं रिंगणाच्या मधोमध

सामूहिक लोकनृत्य ठरलं की मंडळाच्या बैठकीत पहिला वाद संगीतावरून होतो. आमच्याकडे, मध्य प्रदेशात, पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांचा मिळून 2023 साली स्वतंत्र जिल्हा झाला. इथे घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि डोंगराकडे गोंडी बोलली जाते, त्यामुळे हा वाद अधिकच रंगतो. गोवाऱ्यांची डफडी नि बासरी, गोंडांचा मांदर नि टिमकी, भजनी मंडळाची खंजिरी नि टाळ, दंडारीची ढोलकी, वरातीचा बँड, असं सगळंच हाताशी असतं. मग 'खरं आपलं कोणतं?' यावर रात्र सरते. मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो. विचारायचं ते हे की, नाचणाऱ्याचं पाऊल पाहून कोणतं वाद्य आपली लय बदलू शकतं? शैली त्या उत्तरावरून ठरावी.

पाऊल मात्रा ओळखतं. गरब्यातल्या हिंचच्या सहा मात्रांत अंगाला झोका मिळतो, तर केरव्याच्या आठ मात्रांत पाय सरळ पुढे पडतो. सहाचा फेर आठच्या ठेक्यावर बसवला की गिरकी अर्धवट राहते. दोष मात्र 'पोरींना जमत नाही' म्हणून नाचणाऱ्यांच्या माथी येतो. गोंडांच्या सैल्यात काठीवर काठी पडते तो आवाज हाच तालाचा कणा असतो. त्यावर मोठा ढोल लादला तर नाचणाऱ्याला स्वतःचाच ताल ऐकू येत नाही. भुलाबाईच्या गाण्यात सासर-माहेरची गोष्ट ओळीओळीने पुढे सरकते. तिथे टिपऱ्या पुरतात. फार तर हलकी ढोलकी चालेल, कारण शब्द बुडाले की पुढची ओळ उचलणारीच गप्प होते. म्हणजे एकाच गावात, एकाच मोसमात, तीन नाचांना तीन वेगळी उत्तरं मिळतात.

वादक कुठे उभा राहतो, हेही निवडीतच येतं. पन्नास जणांचं रिंगण हातभर अंतरावर उभं राहिलं तर मध्यापासून कडा साधारण आठ मीटरवर येते. मधोमध वाजलेली थाप सेकंदाच्या चाळिसाव्या भागात सगळ्यांपर्यंत पोचते, आणि सगळ्यांना एकदमच मिळते. तेच स्पीकर मैदानाच्या टोकाला ठेवले की 34 मीटरवरच्या माणसाला ठोका सेकंदाचा दहावा भाग उशिरा ऐकू येतो. मिनिटाला 120 ठोके असतील तर हा उशीर एका ठोक्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा, आणि टिपरी चुकायला तेवढा पुरतो. मधल्या वादकाला पाय दिसतात. म्हातारी दमली की तो लय उतरवतो, नवख्याचं पाऊल चुकलं की तोच ठेका पुन्हा फिरवतो. चामड्याचं डफडं दवाने सैल पडतं, मग ते जाळावर शेकावं लागतं, आणि त्या खंडात नाचणाऱ्यांनाही दम घेता येतो.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा की, डीजे स्वस्त पडतो आणि तरुणांना तोच हवा असतो. मिरवणुकीत ज्याला हवं तसं नाचायचं असेल तर डीजे चालेल. फेरात मात्र चाळीस पावलं एकत्र पडायला हवीत आणि रेकॉर्ड कुणासाठी थांबत नाही. शिवाय ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे, आणि रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. माणसं दोनशे झाली तर आवाज वाढवण्यापेक्षा चार रिंगणं करावीत. दुसरा आक्षेप शुद्धतेचा. पण भजनात मुरलेली पेटी मुळात युरोपातून एकोणिसाव्या शतकात आली. फायबरचं पान लावलेलं डफडं पावलाला साथ देत असेल, तर त्याला बाहेरचं ठरवून काय मिळणार?

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. गावासाठी डफडं वाजवणं ही कुणाची हौस नव्हती, जातीने गळ्यात बांधलेलं काम होतं. बाबासाहेबांच्या चळवळीत असंख्य कुटुंबांनी ते स्वाभिमानाने टाकलं. 1956 साली धम्मदीक्षा झाली ते नागपूर इथून दूर नाही. त्यांना 'परंपरेसाठी पुन्हा वाजवा' म्हणण्याचा हक्क कुणालाच नाही. म्हणून डफडं निवडायचं तर ते शिकायला सगळ्या आळींतली पोरं-पोरी बसली पाहिजेत, जाणत्याला गुरू म्हणून बोलवावं आणि मानधन आधी ठरवून द्यावं. ही अट पाळणं अवघड असेल तर त्या वर्षी नुसत्या टिपऱ्यांवर नाचावं, नाच अडत नाही. डफडं मधोमध आलं आणि वाजवणारा मांडवाबाहेर जेवला, तर ताल कितीही जुळो, निवड चुकलीच.