अचल

पर्वताला आपण 'अचल' म्हणतो. जो हलत नाही तो. नगाधिराज हिमालय तर हिमाचलच! नाव ठेवणाऱ्याला दोष कशाला द्या? माणसाचे आयुष्य ते केवढे! तेवढ्यात त्याला पर्वत हललेला कुठून दिसणार?

पण हिमालय चालतो, याचा पुरावा आमच्या देवघरात आहे. आजोबांपासून चालत आलेला शाळिग्राम, नेपाळातल्या काळी गंडकीच्या पात्रातला. भूगर्भशास्त्र शिकणाऱ्या आमच्या कन्येने एकदा त्यावरचे चक्र न्याहाळले आणि म्हणाली, "आजी, हा समुद्रातला प्राणी बरं का! ॲमोनाइट. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच्या शंखाचा हा ठसा."

गंडकीच्या त्या खोऱ्यापासून आजचा समुद्र शेकडो मैल दूर! पण एके काळी भारताच्या उत्तरेलाच समुद्र होता, टेथिस नावाचा. पृथ्वीचे कवच अखंड नाही. त्याचे प्रचंड तुकडे, म्हणजे भूपट्ट, सावकाश सरकत असतात. भारताचा भूपट्ट उत्तरेकडे निघाला आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला. समुद्राचा तळ जड. तो अशा वेळी दुसऱ्या भूपट्टाखाली जातो. जमीन हलकी, ती सहजी खाली जात नाही. मग भिंतीकडे रेटलेल्या सतरंजीला पडाव्यात तशा मधल्या थरांना वळ्या पडल्या. त्या वळ्या म्हणजे हिमालय. एव्हरेस्टच्या माथ्यावरची चुनखडीसुद्धा समुद्रातच साचलेली आहे.

मला धास्ती होती ती आईची. ती शाळिग्राम पुशीत शांतपणे म्हणाली, "समुद्राच्या तळापासून एवढा वर चढला आणि आपल्या घरी आला. त्याला तुळस वाहायला काय हरकत आहे?" पूजा नेहमीसारखी झाली.

रेटा मात्र अजून थांबलेला नाही. भारत वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर, म्हणजे आपली नखे वाढतात जवळजवळ त्याच बेताने, सरकतोच आहे. हिमालयाखाली भूपट्ट एकमेकांत अडकतात, ताण साचत जातो आणि एके दिवशी सुटतो. २५ एप्रिल २०१५ रोजी तो नेपाळात सुटला. काठमांडूच्या आसपासची जमीन पाहता पाहता सुमारे मीटरभर उचलली गेली आणि जवळजवळ ९ हजार माणसे प्राणांस मुकली. ज्या रेट्याने शिखरे उभारली, त्यानेच घरे पाडली.

कवितेत पर्वताला खुशाल अचल म्हणावे. त्याच्या कुशीत घर बांधणाऱ्याने मात्र तो चालतो आहे, हे ध्यानात ठेवूनच भिंत उभारावी.