शिंगांचे ओझे

नाताळच्या नाटिकेत देवदूत होण्यास मुले उत्सुक असतात; सैतानाची शिंगे मात्र कोणालाच नको असतात. "फादर, आमच्या मुलाला हे सोंग नको," असे पालक आम्हांला विनवितात.

वस्तुतः शिंगे धारण करणे हे कष्टाचे काम आहे. आमच्याच पालघर जिल्ह्यात, जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी गावांत बोहाडा रंगतो. तेथे म्हशासुराचे सोंग घेणारा मोठा मुखवटा बांधून संबळाच्या तालावर नाचतो. असा मुखवटा चढविला की बाजूचे दिसत नाही. सारे अंगच वळवावे लागते. मान चटकन लवविता येत नाही आणि गर्दीत कोणाला शिंग लागू नये म्हणून पाऊल जपून टाकावे लागते. अखेर देवीच्या हातून पडायचे, तेही त्यालाच.

विरारच्या आमच्या रंगमंचावर शिंगे पुठ्ठ्याची. तरी ती पट्टीला घट्ट शिवावी लागतात, आणि दारातून वाकूनच यावे लागते.

शिंगे म्हणजे कलंकही नव्हे. मोशेच्या तेजस्वी मुखासाठी आलेल्या हिब्रू शब्दाचे नाते 'शिंग' या शब्दाशी आहे. संत जेरोम यांनी लॅटिन भाषांतरात शिंगांचाच अर्थ घेतला. म्हणूनच रोममधील मायकेलअँजेलोच्या मोशेला शिंगे आहेत.

हरणारा कोणी उभाच राहिला नाही, तर विजयाची कथा सांगावी कशी? म्हणून पालकहो, हा भार वाहणाऱ्या मुलाला नाटिकेनंतर 'सैतान' म्हणून चिडवू देऊ नका. त्याला त्याच्या बाप्तिस्म्याच्या नावाने हाक मारा आणि त्याची पाठ थोपटा.