शिवाजी पुलाचा कठडा

निपाणीहून जोतिबाच्या चैत्री यात्रेला आमच्या घरची वडीलधारी मंडळी बैलगाडीने जात. कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर स्नान, मग शिवाजी पूल ओलांडून वाडी रत्नागिरीची वाट. तो पूल आमच्या लेखी यात्रेचाच भाग. त्यालाही वय असते हे ध्यानात यायला आम्हांला पुष्कळ वर्षे लागली.

१८७८ साली पूर्ण झालेला हा पूल काळ्या पाषाणाचा. कमानीची युक्ती मोठी साधी आहे. लाकडी साच्यावर पाचरीसारखे घडविलेले दगड दोन्ही अंगांनी रचीत आणावयाचे आणि माथ्याचा दगड बसला की साचा काढून घ्यावयाचा. पुढे वरचा भारच दगडांना एकमेकांशी आवळून धरतो. बैलगाड्यांच्या काळातील पुलाने मालमोटारी पेलल्या त्या यामुळेच. कठड्याला मात्र हा न्याय लागू नव्हता. तो बिचारा गाडीवानाला कड दाखविण्यापुरता!

शेजारी नवा पूल उभा राहू लागला आणि अडला तो आमच्याच व्यवसायाच्या प्रांतात. काठची ब्रह्मपुरी टेकडी संरक्षित. १९४५-४६ च्या उत्खननात तेथे सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली. रोमन सागरदेवतेची काशाची सुबक मूर्तीही याच टेकडीतली. २०१० च्या दुरुस्तीने अशा स्थळापासून शंभर मीटरांच्या आतील नव्या बांधकामास बंदी कडक केली. अर्धवट पूल वर्षानुवर्षे तिष्ठत राहिला. २०१६ च्या ऑगस्टात महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात वाहून गेला, तेव्हा इकडेही पुष्कळांच्या उरात धडकी भरली. पण काम हलले नाही.

२ जानेवारी २०१८ रोजी सार्वजनिक कामांना सवलत देणारे विधेयक लोकसभेने संमत केले. त्याच महिन्याच्या २६ तारखेस रात्री, गणपतीपुळ्याहून परतणारी एक मिनीबस याच पुलाचा कठडा तोडून पंचगंगेत कोसळली. तेरा माणसे गेली.

त्या शंभर मीटरांची बाजू आम्ही वकीलमंडळींत कैकदा हिरिरीने मांडली होती. ती खोटी होती असे आजही म्हणवत नाही. एकदा उकरली गेलेली जुनी माती पुन्हा वाचता येत नाही. तरी त्या रात्रीनंतर तो युक्तिवाद पूर्वीसारखा तोंडातून निघेना.

पुढे नवा पूल पूर्ण झाला. त्यानंतरच्या यात्रेत आम्ही घाटावर उतरलो आणि जोतिबासाठी आणलेल्या दोन नारळांपैकी एक जुन्या पुलाच्या दिशेने पाण्यात सोडला. आत्याबाई मागून म्हणाल्या, "अरे, देव तिकडं डोंगरावर; इथं कुणाला वाहिलास?"