चौदा इंच

आमच्या बैठकीच्या खोलीत पलंग मांडायचा, तर चौदा इंच जागा कमी पडते. हे मी सांगत नाही, मोजायची टेप सांगते. गेल्या आषाढात हिच्या दुसऱ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आणि लंडनच्या उपनगरातल्या या घराचा जो जिना आम्ही तीस वर्षे दिवसातून वीसदा चढलो, तो एकाएकी रायगडासारखा उभा झाला. तेव्हा बिऱ्हाड खाली आणायचे ठरले. कपाट आले, देव आले, औषधांचा डबा आला. पलंग तेवढा येईना. भिंतीच्या मधोमध छाती काढून उभी असलेली फायरप्लेस त्याला येऊ देईना.

फायरप्लेस म्हणजे नुसता कोनाडा नव्हे. भिंतीतून चौदा इंच पुढे आलेले विटांचे धुराडे, त्याच्या पोटात ओतीव लोखंडाची जाळी, दोन्ही बाजूंना हिरव्या फरशा, वर लाकडाची रुंद फळी आणि पायाशी जमिनीपासून दोन बोटे उंच असा दगडी ओटा. या ओट्याला हिची काठी दोनदा अडखळली आहे. घर १९०४ सालचे. त्या काळी खोलीगणिक अशी एक चूल असे. रस्त्यावर उभे राहून छपरावरची मातीची नळकांडी मोजली, की घरात किती चुली आहेत ते कळे. दुसऱ्या चार्ल्स राजाच्या अमदानीत १६६२ साली सरकारने चुलींवरच कर बसवला होता, दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग. चुली मोजायला परकी माणसे थेट घरात शिरू लागली, ते लोकांना मुळीच रुचले नाही, आणि १६८९ साली तो कर गेला. आज ती माणसे आली असती तर आमच्याकडे एकच चूल भरली असती. बाकीच्या तीन आधीच्या मालकांनी केव्हाच बुजवल्या.

ही एक राहिली, आणि माझा हिच्यावर जीव. वरच्या फळीवर दर वर्षी गणपती बसतो. मुले लहान असताना नाताळात तिथेच मोजे टांगून ठेवीत. गणपती आणि मोजे यांचे कधी भांडण झाल्याचे मला आठवत नाही. पाहुणे आले की खुर्च्या आपोआप तिकडे तोंड करून बसत. गंमत अशी, की या चुलीत आम्ही एकदाही विस्तव घातलेला नाही. डिसेंबर १९५२ मध्ये ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंत धुके आणि घरोघरच्या कोळशाचा धूर यांचे असे झाकण या शहरावर बसले, की भर दुपारी माणसाला स्वतःचे पाऊल दिसेना. चार हजार माणसे दगावली, असा त्या वेळचा अंदाज. पुढच्या संशोधकांनी तो आकडा बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ साली कायदा झाला आणि धूर करणारा कोळसा अशा वस्त्यांतून हद्दपार होत गेला. आमच्या जाळीत निखाऱ्यांच्या जागी एक नेच्याची कुंडी असते.

१९९४ साली आई वाईहून इथे आली होती. तिने ही चूल पाहिली आणि पदर तोंडाला लावून हसली. "दिवाणखान्यात चूल? आणि स्वयंपाक कुठं, ओसरीवर?" मग हळूच वाकून तिने जाळीपाशी डोके नेले, मान वळवून वर अंधारात पाहिले आणि विचारले, "धूर सगळा वर जातो?"

"बहुतेक सगळा," मी म्हणालो.

"मग बरं होतं इथल्या बायकांचं."

मी तिला सांगायला हवे होते, की इथल्या मोलकरणीही पहाटे उठून राख काढीत, जाळीला काळे पॉलिश घासघासून लावीत, आणि एके काळी धुराडी साफ करायला लहान पोरांना आत चढवीत. १८७५ च्या कायद्याने ते बंद झाले. पण तेव्हा मला तिचे वाक्य नुसते गोड वाटले.

कारागीर आला. त्याने धुराड्यावर बोटे वाजवली आणि माझ्या चेहऱ्यावरचे सगळे ओळखून म्हणाला, खालचे काढाल तर वरच्या मजल्यावरच्या विटा काय हवेत राहतील? त्यांच्याखाली पोलादी तुळई घालावी लागेल, पालिकेचा माणूस येऊन पाहील. शिवाय धुराडे शेजाऱ्याच्या भिंतीशी पाठीला पाठ लावून उभे, तेव्हा १९९६ च्या कायद्याप्रमाणे त्याला दोन महिने आधी नोटीस. मला मनातून बरे वाटले. एवढ्या अडचणी असताना कोण भिंत फोडील?

शेजारी म्हातारा, एकटा, पोस्टातून निवृत्त झालेला. नोटीस घेऊन गेलो तर त्याने आधी चहा टाकला. त्याची फायरप्लेस त्याने १९७४ सालीच काढली होती, बाळाच्या गाडीला जागा हवी म्हणून. "नंतर महिनाभर खोलीत कुणीकडे तोंड करून बसायचं तेच कळेना," तो म्हणाला. "मग टीव्ही आणला." आणि सही करून मोकळा झाला.

रात्री मी हिच्यापुढे तडजोडी मांडू लागलो. पलंग जरा अरुंद घेऊ. नुसता ओटा काढू. घराला काही हृदय म्हणून असते, असेही बोलून गेलो. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"तुम्ही चूल कधी पेटवलीत?"

मी गप्प.

"मी परकरात होते तेव्हापासून फुंकणी धरलीय. श्रावणात ओलं सरपण, आणि शेजारी तुमच्यासारखा एक भाऊ पाटावर बसून शेकत. घराचं हृदय त्याला दिसत असेल. मला राख दिसायची."

वाईच्या घरात मी जागा होई तेव्हा दूध तापलेले असे. वैलावर आमटी रटरटत असे. मी चुलीजवळ सरकून बसे, हात पुढे करी, आणि त्या उबेइतके सुख पुढे कुठल्याच गावी मिळाले नाही. आईचे डोळे लाल असत. मला वाटे, आईचे डोळेच लाल.

दुसऱ्या दिवशी कारागिराला होकार कळवला. तो भाऊबीज झाल्यावर येणार आहे. हिरव्या फरशा तेवढ्या जपून काढ, असे त्याला सांगितले आहे; त्यांचे काय करायचे ते अजून ठरलेले नाही.

परवा लक्ष्मीपूजन झाले. कुंडी बाजूला करून हिने आपण होऊन जाळीत एक पणती ठेवली. खाली वाकता येत नाही, म्हणून ताटली काठीने आत ढकलली. दारे-खिडक्या बंद होत्या, तरी ज्योत सरळ उभी राहीना. सारखी आतल्या बाजूला, धुराड्याकडे झुकत होती.

"पाहिलंस?" मी म्हणालो. "शंभर वर्षं झाली, पण अजून ओढ आहे."

"ओढ आहे म्हणूनच तर खोली गार पडते," ती म्हणाली, आणि शाल गुडघ्यांवर ओढून घेत मला टेप आणायला सांगितले.